स्वयंपाकघराखालची विहीर

घर बांधताना भिंतींचा नंबर शेवटी लागतो, हे मी बुऱ्हाणपूरच्या चार वस्त्यांमध्ये हातात माईक घेऊन सांगितलं आहे. आधी पाणी कुठून येणार ते बघा. वापरलेलं पाणी कुठं जाणार ते बघा. वीज खांबावरून येणार की लाकडी बल्ल्यांवरून लोंबत येणार ते बघा. मग वीट लावा. अवैध कॉलन्यांविरुद्ध आमच्या संघटनेतर्फे आम्ही पत्रकं काढायचो, आणि मजकूर माझा असायचा. "नाली नाही, नळ नाही, खांब नाही, आणि म्हणे प्लॉट घ्या!" हे वाक्य माझं.

म्हणून पप्पांनी मला न विचारता दापोऱ्याच्या रस्त्याला असल्याच एका कॉलनीत प्लॉट घेतला, तेव्हा आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. केळीचं शेत मोडून तिथं प्लॉट पाडले होते. मंजुरीचा पत्ता नव्हता. पप्पा पावरलूमच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करतात. त्या खडखडाटात सगळं आयुष्य गेल्यामुळे घरातही मोजकंच बोलतात. ते एवढंच म्हणाले, "तळमजला होईल बेटा. तुझ्या आईला जिना नको."

आम्ही जुन्या शहरात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. आईचे गुडघे गेले आहेत. मागच्या दोन वर्षांत ती खाली उतरली ती फक्त दवाखान्यासाठी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, दोन माणसांच्या हातांवर. नव्या घरात तिला फरशी कुठली, रंग कुठला, कशाचंच पडलेलं नव्हतं. दारापुढं ओटा असावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता यावं, एवढंच मागणं होतं.

आराखडा मीच काढला, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. बोअर पुढच्या अंगणात, स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात, त्याच्यामागे सेप्टिक टँक, आणि शोषखड्डा बोअरपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा लांब. सांडपाण्याच्या पाइपाला उतार किती, स्लॅब टाकण्याआधी विजेच्या नळ्या कुठून न्यायच्या, सगळं लिहून ठेवलं. उन्हाळ्यात तिकडं वीज दुपारभर जाते, म्हणून छताची दक्षिण बाजू सौर पॅनेलसाठी मोकळी ठेवली. न्हाणीचं दार खुर्ची जाईल एवढं रुंद, उंबरा कुठंच नाही. मिस्त्री कागद उलटसुलट करून म्हणाला, "दीदी, घर बनवताय का सरकारी दवाखाना?"

बोअर झाली, पाणी चांगलं लागलं. मग चुन्याच्या फक्कीनं आखणी करायच्या दिवशी त्या शेताचा जुना मालक सायकलवर आला. सत्तरीचा माणूस. सायकल न लावता, हँडल धरूनच उभा राहिला. पांढऱ्या रेघांकडे बघत त्यानं विचारलं की मागच्या कोपऱ्यात काय येणार. स्वयंपाकघर, मी म्हटलं. "त्या कोपऱ्यात जरा..." असं तो म्हणाला आणि मी त्याला तिथंच तोडलं.

जमीन विकताना कोपरे नाही का आठवले काका, म्हटलं. मग सुरूच झाले. केळी पिकणारी काळी माती प्लॉटवाल्यांच्या घशात घालणारे तुम्ही, उद्याच्या पोरांनी काय सिमेंट खायचं, वगैरे. दहा मिनिटं तरी बोलले असेन. मिस्त्री आणि दोन मजूर ऐकत होते, आणि ऐकणारे आहेत म्हणून मी जास्त बोलले, हे आता लिहायला हवं. म्हाताऱ्यानं सायकल वळवली. पप्पा चहासाठी थांबवायला चार पावलं मागं गेले. तो थांबला नाही.

पाया खणताना त्या कोपऱ्यात वर मुरूम आणि खाली भुसभुशीत माती लागली. जुना भराव असेल, दगड जास्त टाकू, असं मिस्त्री म्हणाला. आम्ही टाकला. पावसाआधी जोतं उभं राहिलं. पाऊस संपता संपता स्वयंपाकघराचा कोपरा वीतभर खाली बसला आणि जोत्याला तिरपी भेग गेली. पप्पांनी भेगेत हात घालून बघितला. मागाच्या आत हात घालतात तसा, नीट, घाई न करता.

दिवाळीनंतर सेप्टिक टँकचा खड्डा घेतला, म्हटलं खाली काय आहे ते तरी कळेल. पुरुषभर खोलीवर घमेल्यातून काळा, तंतूतंतूंचा चिखल वर यायला लागला. सडक्या केळीच्या खांबांचा वास आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. मिस्त्रीनं घमेलं खाली ठेवलं. "विहीर आहे," तो म्हणाला.

मी दापोऱ्याला त्या म्हाताऱ्याच्या घरी गेले. त्यानं मला बसायला खाट दिली आणि सगळं सांगितलं. प्लॉटवाल्यांनी जेसीबीनं उभी केळी आडवी केली आणि खांब विहिरीत लोटले. वर मुरूम दाबला. दोन दिवसांत जमीन सपाट. केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी, तो सडून बसणार, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. प्लॉट विकणाऱ्याला माहीत असून नसतं.

"मी तेच सांगाले आलतो," तो म्हणाला. "तू बोलूच देलं नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याच्या बायकोनं चहा आणला. मी प्यायले.

त्या आठवड्यात पत्रक लिहायला बसले. विहीर बुजवून वर प्लॉट विकणं हा गुन्हाच आहे, आणि मी ते चौकात उभी राहून सांगेन. पण चार ओळींपुढं सरकेना. पाचवी ओळ अशी यायला हवी होती की आम्हाला कुणी सावध करायलाच आलं नव्हतं. ते खोटं होतं.

इंजिनिअर बघून गेला. कोपरा तोडा, सगळा कुजका माल काढा, दगड-मुरूम भरा आणि दोन पावसाळे बसू द्या, म्हणाला. नाहीतर घर पुढं सरकवा. पुढं बोअर होती, माझ्याच आराखड्यातली. पप्पा म्हणाले, थांबू.

आईला आम्ही महिनोन् महिने काहीबाही सांगत राहिलो. मजूर गावाला गेले, रेती मिळेना. शेवटी ती म्हणाली, मला घेऊन चला. एका रविवारी सकाळी पप्पांच्या कारखान्यातल्या दोघांनी तिला खुर्चीसकट खाली आणलं आणि ऑटोत बसवलं. जोत्याच्या पुढच्या, पक्क्या भागावर ती बसली. पप्पा हातानं दाखवत होते, ही खोली, ही न्हाणी. तिनं स्वयंपाकघर विचारलं. त्यांनी खड्डा दाखवला.

म्हाताऱ्याचं पप्पांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. एक माणूस बजावायला आला होता आणि मी त्याला बोलू दिलं नाही, एवढंच.

"तू कोणाले बोलू देते?" ती म्हणाली, आणि हसली पण. मग खड्ड्याकडे बघत विचारलं, "किती दिवस?"

"दोन पावसाळे," पप्पा म्हणाले.

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. रस्त्यानं कापसाची गाडी गेली, तिच्यावरच्या बाईला आईनं कुठून आलात म्हणून हाक मारून विचारलं. ती बाई काय बोलली ते ऐकू आलं नाही.

परत येताना दुसऱ्या मजल्यावर त्या दोघांनी दम घ्यायला खुर्ची टेकवली. पप्पा म्हणाले, आता अधूनमधून तिकडं नेत जाऊ तुला.

"नका नेऊ," आई म्हणाली. "घर झालं की एकदाच उतरेन."

तेव्हापासून ती उतरलेली नाही. खड्डा भरून एक पावसाळा झाला आहे. पप्पा दर रविवारी जाऊन भराव किती बसला ते बघून येतात, आणि ती विचारते तेव्हा खरं ते सांगतात.