वरची पिन

हँगरमध्ये त्याला सगळे वंगण्या म्हणायचे आणि तो सगळ्यांना गाढव म्हणायचा. फरक एवढाच, की ते पाठीमागे म्हणायचे आणि तो तोंडावर. विमानांना ग्रीस भरण्यात त्याची एकोणतीस वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत आपल्या कामाची अक्कल असलेला दुसरा माणूस त्याला भेटला नव्हता, आणि भेटला असता तरी त्यानं ते कबूल केलं नसतं.

त्याच्या कोपऱ्यात भिंतीला सात ग्रीसगन टांगलेल्या असत. प्रत्येकीच्या दांड्याला वेगळ्या रंगाची पट्टी, आणि तीच पट्टी त्या-त्या ग्रीसच्या डब्यावर. काही ग्रीस दिसायला अगदी सारखी, पण एकमेकांत मिसळली की दोन्ही पातळ होऊन गळून जातात. दोन मेहुणे एका दुकानात बसवले की जसं दोघांकडूनही काम होत नाही, तसं, असं तो म्हणायचा. एकदा एका फिटरनं लाल पट्टीच्या गनमध्ये निळ्या डब्यातलं ग्रीस भरलं. वंगण्यानं ती गन त्याच्यादेखत भंगारात टाकली आणि पुढे महिनाभर त्या फिटरला हात पुसायला चिंधीसुद्धा दिली नाही.

ग्रीस घालण्याआधी निपलचं, म्हणजे सांध्यात ग्रीस शिरायच्या बारक्या तोटीचं, तोंड पुसायचं, ही त्याच्या मते माणूस असण्याची पहिली अट. न पुसता गन लावली की तोंडावरची धूळ थेट सांध्यात जाते. डोळ्यात माती टाकायची आणि वरून काजळ घालायचं, त्यातलाच प्रकार. नंतर गन दाबत राहायचं. सांध्याच्या कडेनं आधी जुनं, काळं ग्रीस बाहेर येतं, मग मळकट येतं, मग स्वच्छ येतं. स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं. एवढंच काम. पण एवढंही ज्यांना जमत नाही ते विमानाच्या पोटाखाली उभे राहून पगार घेतात, हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. त्याच्या हाताखाली तिघं जण येऊन गेले. जाताना तिघांनीही एकच सांगितलं, की काम चांगलं आहे, माणूस वाईट आहे.

अशा माणसाला देवानं जावई दिला तो तपासनीस.

लग्न ठरलं तेव्हा जावई त्याच हँगरच्या कागदपत्रांच्या खोलीत होता. मुलीनं स्वतःच पसंत केला होता, आणि वंगण्यानं बायकोला फक्त एवढंच विचारलं, की याचे हात इतके मऊ कसे. पुढे जावयानं परीक्षा दिल्या, शिक्का मिळवला आणि झालेल्या कामावर सही करणारा साहेब होऊन काचेच्या केबिनमध्ये बसला. पांढरा शर्ट, गळ्यात दोरीनं अडकवलेला टॉर्च. त्या टॉर्चची पहिली बॅटरी अजून संपली नाही, असं वंगण्या म्हणायचा. हँगरमध्ये जावई सासऱ्याला कुठल्याच नावानं हाक मारत नसे, बोटानं खूण करायचा. घरी पाहुण्यांपुढे सांगायचा, की आमचे सासरे तांत्रिक विभागात आहेत. रविवारी मुलगी-जावई जेवायला आले की वंगण्या कोपरापर्यंत हात घासून बसायचा, तरी जावई आपली खुर्ची जराशी मागे सरकवायचा. आणि अशा माणसाला ‘जावईबापू, या, बसा’ म्हणावं लागायचं. घास गिळण्यापेक्षा तो शब्द गिळणं वंगण्याला जड जायचं.

त्या मंगळवारी एक विमान मोठ्या तपासणीनंतर सोडायचं होतं. चाकं जमिनीवरून सुटतील इतकं ते जॅकवर उचललं होतं, कारण विमानाचा भार सांध्यांवर असेल तर ग्रीस दाबलेल्या बाजूला पोचतच नाही. चारला विमान मालकांच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. डाव्या चाकाचा पाय जिथं पंखाखाली बिजागरीसारखा वळतो, तिथल्या वरच्या पिनीपाशी वंगण्या सकाळी दहाला पोचला. निपल पुसलं, गन लावली, दांडा दाबला. दांडा दगडासारखा घट्ट. आणखी जोर केला तेव्हा ग्रीस बाहेर आलं, पण पिनीच्या कडेनं नाही, निपलच्या तोंडाशीच. म्हणजे आत काही जात नव्हतं. त्यानं निपल बदलून पाहिलं, दुसरी गन लावून पाहिली. तेच. आतली वाट बुजली होती, आणि पिन बाहेर काढल्याशिवाय ती मोकळी होणार नव्हती. त्या कामाला निदान एक दिवस लागणार होता.

त्यानं पाळीच्या प्रमुखाला सांगितलं. प्रमुखानं कामाचा कागद उलटून पाहिला आणि कान खाजवत म्हणाला, की वंगणाच्या अकराही कामांवर तपासनिसाची सही झालेली आहे. सकाळी नऊलाच. म्हणजे वंगण्या गन घेऊन खाली गेलाही नव्हता, तेव्हाच.

वंगण्या तसाच तेलकट बुटांनी केबिनमध्ये गेला. जावयानं आधी फरशीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "ग्रीस बाहेर आलं ना?"

"निपलशेजारून आलं. ते पुसून टाकलं की काम झाल्यासारखं दिसतं. पण आत थेंब गेलेला नाही."

"चारला विमान द्यायचंय. पुढच्या तपासणीत बघू. तुम्ही घरातले म्हणून एवढं ऐकून घेतोय."

वंगण्यानं केबिनचं दार उघडं ठेवलं होतं. बाहेर दहा-बारा माणसं कामात असल्याचं दाखवत उभी होती. तो त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे म्हणाला, "जावईबापू, इथं तुमचा मानपान नाही. खाली या आणि बघा, नाही तर सही खोडा."

जावई खाली आला नाही. त्याचे कान मात्र लाल झाले. वंगण्या परत गेला, दोषांची नोंद करायची वही उघडली आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: डावा पाय, वरची पिन, ग्रीस घेत नाही. त्या वहीत एकदा लिहिलं की ते मिटवता येत नाही. त्याच्यापुढे दोष दूर झाल्याची सही होईपर्यंत विमान जागचं हलत नाही. मालकांची माणसं आली, मोठे साहेब आले, बरीच फोनाफोनी झाली. वंगण्या आपल्या कोपऱ्यात गन पुसत बसला. त्याला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिन बाहेर निघाली. तिच्यावर वंगणाचा मागमूस नव्हता, गंजाची तांबडी पूड होती, आणि एका बाजूला नखानं जाणवतील असे चरे. आतल्या वाटेत जुनं ग्रीस वाळून मेणबत्तीच्या थोटकासारखं घट्ट बसलं होतं. आणखी काही महिने गेले असते तर उतरताना तो पाय कधी तरी दगा देणार होता, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं.  वंगण्यानं एकेकाच्या तोंडाकडे निवांत पाहून घेतलं. गाढवांचा बाजार भरला होता आणि तो त्यात एकटाच दोन पायांवर उभा होता.

संध्याकाळी जावई पहिल्यांदाच त्याच्या कोपऱ्यात आला. हातात मागच्या मोठ्या तपासणीचा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा, कागद होता. तो त्यानं डब्यांवर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. डावा पाय, वरची पिन, वंगण घातलं. पुढे काम करणाऱ्याची सही. सही वंगण्याची होती.

"हे अजून कोणी पाहिलेलं नाही," जावई म्हणाला. आवाज मऊ होता, हातांसारखाच. "दोष तपासणीत सापडला असं मी अहवालात लिहितो. हा कागद कपाटात राहील. बाबा, यात आपल्या दोघांचंही भलं आहे."

हँगरमध्ये तो पहिल्यांदाच त्याला बाबा म्हणाला होता.

वंगण्या त्या सहीकडे पाहत राहिला. तो दिवस त्याला आठवला, आणि आठवला तो सगळाच्या सगळा. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीन वाजता दवाखान्यात पोचायचं होतं आणि घड्याळात सव्वादोन झाले होते. दांडा असाच घट्ट लागला होता. ग्रीस असंच निपलशेजारून आलं होतं. त्यानं ते चिंधीनं पुसलं होतं, जागा छान चकचकीत केली होती आणि सही करून पळाला होता. नंतर त्याला ते कधी आठवलंच नाही. दोन वर्षं विमान वर जात होतं, खाली येत होतं, आणि तो खाली उभा राहून इतरांची अक्कल काढत होता.

"तुमचा अहवाल तुम्ही लिहा," तो शेवटी म्हणाला. "माझं मी लिहितो."

त्यानं लिहिलंही. दोन्ही गोष्टी लिहिल्या: दोन वर्षांपूर्वी आपण काय केलं ते, आणि मंगळवारी कामाआधी सही कोणी केली ते. दवाखान्याचं कारण लिहिलं नाही. मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि मोठे साहेब जे करतात तेच केलं. वंगण्याचा सहीचा अधिकार तीन महिन्यांसाठी काढून घेतला आणि त्याला वंगणाच्या वर्गात बसायला पाठवलं. शिकवणाऱ्यानं जन्मात ग्रीसगन हातात धरली नव्हती, तो भिंतीवर चित्रं दाखवायचा. वंगण्या शेवटच्या बाकावर बसून ती चित्रं मुकाट पाहायचा. दोन चित्रं उलटी होती, तरी तो बोलला नाही. जावयाला तोंडी समज मिळाली आणि, वेळेत दोष शोधल्याबद्दल, विभागाच्या नावानं आलेलं कौतुकाचं पत्र त्याच्याच केबिनमध्ये लागलं.

एका रविवारी जावयाचे दोन मित्र जेवायला होते. जावई त्यांना ती पिन कशी सापडली ते सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात तो स्वतः टॉर्च घेऊन विमानाखाली पोचलाही होता. वंगण्या मान खाली घालून जेवत होता. बायकोनं त्याच्या पानात वाढता वाढता त्याच्या हातावर जरा दाबलं, म्हणजे गप्प राहा. 

मुलगी भांडं टेबलावर ठेवून म्हणाली, "दोष बाबांनी पकडला. दोन वर्षांपूर्वी चुकवला तोही बाबांनीच, आणि तसं लिहून दिलं. तुम्ही फक्त सही केली होती, तीही आधीच."

मित्रांनी पाण्याचे पेले उचलले. जावयानं पानातलं नीट केलं, मग पुन्हा विस्कटलं. इतकी वर्षं ज्या क्षणाची वंगण्यानं वाट पाहिली होती, तो समोर वाढून ठेवला होता, पण त्याला चव लागेना. जावई कसल्या मातीचा आहे ते त्याला आधीच ठाऊक होतं. मुलीनं बापालाही त्याच सुरात, त्याच पंगतीत बसवलं, हे नवीन होतं. आणि तिचं बरोबर होतं.

सही परत मिळाल्यावर तो पुन्हा कामाला लागला. स्वभाव गेला नाही, लोकांना गाढव म्हणणंही सुटलं नाही. फक्त म्हणण्याआधी क्षणभर अडखळायचा, आणि त्या क्षणात समोरचा सटकायचा. बिजागरीतलं ग्रीस पाहिल्याशिवाय सही करायची नाही असा हुकूम निघाला होता, त्यामुळे जावयालाही खाली यावं लागे. यायचा तो शर्ट सांभाळत, अंग चोरत.

"दिसतंय का?" वंगण्या विचारायचा.

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

यावर जावई नुसता टॉर्च पुढे करायचा. मग वंगण्या त्याला जुनं ग्रीस कुठून येतं, नवं कसं ओळखायचं, ते पहिल्यापासून सांगायचा, दर वेळी तेच, एकही शब्द न गाळता, अहो-जाहो करत.