वन्संपुरती लादी

वन्सं गेल्याचं तुम्हा दोघांना मीच फोनवर सांगितलं. तुमच्या बाबांना आधी, मग तुम्हाला. तुमच्याकडे रविवारची सकाळ होती, निहार अजून झोपायच्या कपड्यांत होता. अन्वीने विचारलं, "आजी, आत्याआजी बाबांच्या कार्पेटमुळे गेली का?" तिच्यामागे टेबलावर तुमच्या बाबांचा हात दिसत होता, चहाच्या कपाभोवती धरलेला. तो हात तसाच राहिला. मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं. आता दिवसकार्य उरकलं आहे, घर शांत आहे, म्हणून लिहून काढते. बाबांकडून वाचून घ्या, आणि ते मध्येच थांबले तर त्यांना घाई करू नका.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. नवऱ्याच्या बहिणीला आमच्याकडे वन्सं म्हणतात आणि अहो-जाहो करतात. आजोबांना इकडे वीज केंद्रात नोकरी लागली म्हणून आम्ही कराडकडून बोईसरला आलो, आणि पुढच्याच वर्षी वन्सं आल्या. त्यांचे यजमान तरुणपणीच मुंबईच्या एका इस्पितळात वारले होते. मी पालघरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, घर त्या बघायच्या. मी काही सुधारायला गेले की म्हणायच्या, "तुझं इंग्रजी तुझ्यापाशी ठेव सुमन, माझं मीठ माझ्यापाशी असू दे." आजोबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. वारा फिरेल तसं आमच्या घरात कधी नवापूरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील यायचे, कधी कारखाने. कारखान्यांकडून वारा आला की खिडकीच्या चौकटीवर काळी पूड बसे. बाकीचं घर बेटेगावहून येणारी जयवंती पुसायची, पण आपली खोली वन्सं स्वतः बसून पुसत. पुसून झाल्यावर फडकं माझ्यासमोर धरत, "बघ, काल दिवसभर आपण काय ओढलं ते."

त्या खोलीत आजोबांनी हौसेने पांढरी, गुळगुळीत लादी बसवली होती. दिसायला छान, पण पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की तिला घाम येतो. परवाच्या वर्षी त्या घामावरून वन्सं घसरल्या आणि मनगट मोडलं. तिथून कार्पेटचा विषय निघाला. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "आत्या, इथे सगळ्यांच्या बेडरूममध्ये कार्पेट असतं. पोरं दिवसभर आपटतात, रडतसुद्धा नाहीत."

"पोरं पडली तर खेळ होतो रे. मी पडले की सभा भरते," वन्सं म्हणाल्या. "आणि ते केसाळ जनावर पुसायचं कसं?"

"पुसायचं नाही. मशीन पाठवतो. ते धूळ ओढून घेतं."

"आणि नेतं कुठं?"

"त्याच्या पिशवीत."

"आणि पिशवी?"

तुमचे बाबा हसले. मी हसले नाही, कारण वन्संचा मुद्दा बरोबर होता. इथल्या हवेत कार्पेट म्हणजे कारखान्याची पूड साठवायची कोठी. शिवाय पावसाळ्यात ओल धरणार, वास मारणार, आणि वन्संची छाती आधीच नाजूक. दुसऱ्या बाजूला त्या वयात हाड मोडणं... डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, लादीवर पडण्याची भीती, कार्पेटवर खोकल्याची. खरखरीत लादी बसवावी असं मी सुचवलं, तर सगळी खोली फोडायची आणि वन्संनी तेवढे दिवस कुठे झोपायचं, असा प्रश्न आला. चार रविवार हाच विषय चालला. शेवटी तुमचे बाबा म्हणाले, "आत्या, मी इतक्या लांबून तुला धरू शकत नाही. एवढं तरी करू दे." त्यावर वन्संनी मान हलवली. "टाक बाबा. टाक."

कार्पेट टाकायला आला तो उत्तरेकडचा माणूस होता, कारखान्यांच्या ऑफिसांतून हेच काम करणारा. "घर में पहली बार डाल रहा हूँ," असं तो आल्या आल्याच म्हणाला. गुंडाळी उलगडून त्याने माप घ्यायला सुरुवात केली तेव्हा वन्सं दारातून आत आल्या आणि खिडकीखालच्या भिंतीशी बोट दाखवून म्हणाल्या, "इथं नको. एवढी जागा उघडी राहू दे."

मी विचारलं, "कशाला?"

"मला खाली घ्यायला."

तुम्हाला हे सांगायला हवं. माणूस जायला टेकला की त्याला पलंगावरून उतरवून जमिनीवर घेतात. जमीन शेणाने सारवतात, तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालतात. खाटेवर जीव गेला तर तो अधांतरी राहतो, अशी समजूत आहे. वन्संचे यजमान इस्पितळाच्या खाटेवर गेले, आणि त्यांच्या सासूबाई त्यानंतर उठता-बसता "माझ्या पोराला खाटेवर घालवलंस" एवढंच म्हणत राहिल्या. म्हणूनच वन्सं सासर सोडून भावाकडे आल्या होत्या. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला त्या दिवशी, कार्पेटच्या गुंडाळीशेजारी उभं असताना कळलं. "ते लटकलेत," त्या म्हणाल्या. "दोघांतल्या एकाचे तरी पाय जमिनीला लागू देत."

"अहो, कार्पेट काय, ऐन वेळी गुंडाळून बाजूला सारता येईल," मी म्हटलं.

"ऐन वेळी तू चष्मा शोधशील का कार्पेट गुंडाळशील?"

आणि किती जागा सोडायची हे त्या माणसाला नीट कळावं म्हणून वन्सं खिडकीखाली चक्क आडव्या झाल्या. पदर सारखा केला, हात अंगालगत घेतले. तो बिचारा मोजपट्टी हातात धरून मागे सरला. "माताजी, उठिए ना. ऐसा मत कीजिए, अच्छा नहीं लगता."

"ह्याला म्हणावं खूण कर," वन्सं पडल्या पडल्या मला म्हणाल्या. "आणि दोन बोटं जास्त ठेव म्हणावं. मेल्यावर माणूस लांबतं."

त्याने खडूने खूण केली, कार्पेट कापलं, कडेला पितळी पट्टी ठोकली. वन्संना उठवताना मला हसू येत होतं.

त्यानंतर ती पट्टीपलीकडची लादी हीच त्यांची खोली झाली. पलंगापासून तिथपर्यंत कार्पेटवरून जायचं आणि लादीवर बसायचं. शेंगा तिथेच सोलायच्या, जप तिथेच, फडकं फिरवायचं ते तेवढ्यावरच. कार्पेटने पहिल्याच पावसाळ्यात ओल धरली. वन्सं खोकायच्या आणि नाकाला पदर लावून म्हणायच्या, "जनावर भिजलंय." मग यंदा भाद्रपदात, भर सकाळी, पलंगावरून उठून लादीकडे जाताना त्यांचा पाय पितळी पट्टीला अडला. त्या लादीवर कुशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

म्हणजे अन्वी, नुसतं कार्पेट असतं तर त्या कदाचित पडल्या नसत्या, पडल्या तरी मऊ लागलं असतं. नुसती लादी असती तर अडखळायला पट्टीच नसती. दोन्ही होतं म्हणून पडल्या. पण दोन्ही ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि का सांगितलं ते आता तुला माहीत आहे. तुझ्या बाबांनी आत्याची हाडं वाचवायला कार्पेट पाठवलं. आत्याने स्वतःच्या मरणासाठी त्यातून वाट काढली. यात मला कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला. कूस बदलायची म्हटली तरी त्या दातांत पदर धरत. डॉक्टरांनी एका सकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता इस्पितळात हलवण्यात अर्थ नाही, त्रास होणार नाही एवढं पाहा, शक्यतो हलवू नका. शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यात राहिले. दुपारी वन्संचा श्वास बदलला. त्यांनी डोळे उघडले आणि खिडकीखाली पाहिलं. काय हवंय ते मला कळलं.

मी तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, तिला किती दुखेल... राहू दे ना पलंगावर. गेल्यावर घ्या खाली."

"गेल्यावर घेऊन उपयोग नसतो रे. जिवंतपणी घ्यावं लागतं."

"तू मानतेस हे?"

"मी नाही मानत. पण मरायचं मला नाहीये, त्यांना आहे."

जयवंती दारातच उभी होती. तिने नवऱ्यालाही बोलावून घेतलं होतं. "आजी, तुमी नुसतं हो बोला," ती म्हणाली. "आमी दोगं हाव ना. नाय पडू देणार." तिने प्लास्टिकच्या पिशवीतून शेण आणलं होतं. पण त्या गुळगुळीत लादीवर शेण धरेना, पाण्यासारखं ओघळून पट्टीशी जमा व्हायला लागलं. जयवंतीने दोनदा हात फिरवला आणि वैतागून म्हणाली, "ही कसली जमीन, हिला काय लागतच नाय." शेवटी पातळ थर तेवढा राहिला. मग चादरीची टोकं धरून आम्ही तिघांनी वन्संना उचललं. त्या एकदाच ओरडल्या. तो आवाज मी लिहून दाखवू शकणार नाही... तुमच्या बाबांनी तो फोनवर ऐकला. मी फोन बंद करायला हवा होता, पण माझे दोन्ही हात चादरीला होते.

खाली ठेवल्यावर जयवंतीने चादर अलगद ओढून काढली. मी तुळशीचं पान दिलं. बराच वेळ त्या डोळे मिटून होत्या. मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्या कुजबुजल्या, "सुमन... गार लागतंय गं. काहीतरी घाल खाली."

मी उठले, पलंगावरची गोधडी घेतली आणि तिथेच थबकले. ती खाली घातली तर सगळं फुकट. ज्यासाठी खुबा मोडण्यापासून आत्ताच्या उचलण्यापर्यंत सोसलं, ते सगळं. आणि न घातली तर मरणाऱ्या माणसाने मागितलेली एवढीशी ऊब मी नाकारणार. मी वाकून विचारलं, "वन्सं, गोधडी घालू का खाली? घातली तर जमीन नाही लागायची."

त्यांनी गोधडीकडे पाहिलं. मग मान हलवली, नको म्हणून. "तूच ये," म्हणाल्या.

मी गोधडी त्यांच्या अंगावरून पांघरली आणि शेजारी लादीवर आडवी झाले. गुडघे कसे वाकले ते मला माहीत नाही. त्यांना अंगाशी धरलं. लादी खरंच फार गार होती, साडीतून हाडांत शिरत होती. वन्सं म्हणाल्या, "पाय लांब ठेव तुझे. बर्फ आहेत नुसते." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दिवेलागणीच्या सुमाराला माझ्या हाताखालची छाती वर आली नाही. त्यांच्या पाठीखाली काही नव्हतं, फक्त लादी होती. हे मी तुमच्या बाबांना फोन करून सर्वांत आधी सांगितलं, आणि ते तेव्हा रडले.

आता ते म्हणतात, कार्पेट सगळं उचलून टाक, नाहीतर ती उघडी जागा तरी भरून घे, तू एकटी आहेस. त्यांची काळजी बरोबर आहे. ओलीचा वास मलाही सोसत नाही. जयवंती रोज कार्पेटला शिव्या घालते. परवा तोच माणूस येऊन पाहून गेला. खिडकीशी थांबून त्याने हात जोडले, मग विचारलं, "पूरा निकाल दूँ, मैडम?"

मी त्याला नको म्हटलं. पलंगापाशी कार्पेट राहू दे, माझीही हाडं आता म्हातारी झाली आहेत. पट्टी तेवढी काढ आणि कड लादीला सपाट चिकटव, म्हणजे पाय अडणार नाही. आणि कार्पेट आणखी वीतभर काप. मी वन्संपेक्षा उंच आहे. त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी पडले होते तेव्हा माझे पाय कार्पेटवर होते.