आभाळात फाटलेला फुगा

फेब्रुवारीतली सकाळ. पालमजवळच्या मोकळ्या झालेल्या रानात मनकर्णाबाई आणि दत्तराव हे धनगर जोडपं साठेक मेंढरं चारत होतं. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. त्यातली निम्मी अशी रानोमाळ हिंडण्यातच गेली.

वर एक विमान घिरट्या घालत होतं. त्यातून काहीतरी सुटलं, छत्री उघडली आणि तिच्याखाली पांढऱ्या प्लास्टिकची लांबलचक पिशवी लोंबू लागली. पिशवी थोडी फुगली, मग उभी फाटली आणि फडफडत थेट कळपावर आली.

मेंढरं उधळली. पुढं बिनकठड्याची विहीर होती. एक आत गेलं की मागची सगळी जाणार, हे दत्तरावांना ठाऊक. ते धावत जाऊन काठावर हात पसरून उभे राहिले.

"आगं, तिकडून वळीव!" एवढंच ते ओरडले. पुढची मेंढरं त्यांना घेऊनच आत गेली.

गावकऱ्यांनी त्यांचा देह वर काढायला दुपार झाली. आधी सोळा मेंढरं काढावी लागली, ती त्यांच्या अंगावर होती.

संध्याकाळी त्या फुग्याची चाचणी घेणारे आले. त्यांचा प्रमुख इंजिनिअर बन्सीधर खाली मान घालून म्हणाला, "हा फुगा विमानातून टाकल्यावर पडता पडताच भरायचा असतो, मावशी. आमची चौथी चाचणी होती. वाऱ्यानं जागा चुकली."

"मंग आमाला कोन सांगितलं?"

"ग्रामपंचायतीत नोटीस लावली होती."

"आमी आज हितं, उद्या तिथं. आमची कोन्ती ग्रामपंचायत?"



एप्रिलमध्ये पुन्हा चाचणी ठरली. हे कानावर येताच मनकर्णाबाई निघाली. तीन दिवस ती गंगाखेडच्या बाजूनं मेंढपाळांच्या वाड्या-वाड्यावर, त्यांच्या मुक्कामाच्या तळांवर, पायी फिरली. "सोमवारी इमान यायलंय. हिरीपासून लांब ऱ्हावा." काही हसले. बहुतेकांनी कळप हलवले.

सोमवारी फुगा भरला. गॅसच्या रिकाम्या झालेल्या टाक्या खाली सोडून तो वर चढला, तसा माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बन्सीधर माळाच्या कडेला उभ्या असलेल्या मनकर्णाबाईजवळ आला.

"जमलं, मावशी."

"तवा का न्हाई जमलं?"

"फुग्याचा बोटभर जोड उसवला होता. आता तो दुहेरी केलाय."

"बोटभर जोडापायी?"

मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि चालू लागली. विमान गेलं, हे पलीकडच्या वाड्यांना सांगायचं होतं.