पत्र्याखालची चाचणी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला वाटतं, अंबादासनं स्वतःहून सगळं सोडलं. मीच तिला तसं सांगितलंय. तुम्हाला खरं सांगायला बसलोय — पण सुरुवात कुठून करू? ऐकताना कदाचित तुम्हाला हसू येईल. कॉम्प्युटरच्या दोन प्रोसेसरची तुलना, त्यात कसलं आलंय पाप? मीही बरीच वर्षं स्वतःची अशीच समजूत घालत आलोय.

तर आधी अंबादास. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर बसायचो. मी बसवराज, घरी भुसाराचं दुकान, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि डोक्यावर पक्का स्लॅब. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या घरातला. त्यांच्याकडे खाली टॉवेलचे माग आणि वर पत्र्याची एक खोली. माग दिवसभर खडखडत, त्यामुळे त्या घरात सगळे ओरडूनच बोलत. अंबादासला हळू बोलता येतच नसे. लायब्ररीतसुद्धा तो ओरडून कुजबुजायचा. बिचारा वगैरे तो मुळीच नव्हता. चांगला बढाईखोर होता, माझी टर उडवायची एकही संधी सोडायचा नाही, मला 'गादीवरचे बसूशेठ' म्हणायचा. मला तो फार आवडायचा. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

कॉम्प्युटर जोडायचं वेड दोघांनाही होतं. शिक्षण संपल्यावर आम्ही मिळून मराठीतून व्हिडिओ करायला लागलो. गेम खेळायला कुठला प्रोसेसर घ्यावा, वीज कुठला कमी खातो, पैसे कशात वसूल होतात, असे प्रश्न आम्हाला सोलापुरातली पोरं रोज विचारायची, आणि मराठीत धड सांगणारं कुणी नव्हतं. कॅमेऱ्यासमोर मी बोलायचो. मला बोलता येतं — गुण म्हणा नाहीतर रोग म्हणा. चाचण्या पत्र्याच्या खोलीत व्हायच्या. प्रोसेसरवर कूलर बसवणं, त्याखाली उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावणं, तापमान आणि वीज मोजणं त्याच्याकडे. मेमरी आणि बायोसमधलं, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या पानावरचं, सेटिंग माझ्याकडे. एकमेकाच्या कामात हात घालायचा नाही, हा नियम त्याचा. त्यांच्या घरात एकाच्या मागाला दुसरा हात लावत नाही. काही बिघडलं तर त्याला विचारायचं, तो म्हणेल ते खरं धरायचं. त्या घरात ही साधी रीत होती, आणि अंबादासनं ती आमच्या कामातही आणली.

पत्र्याखाली चाचणी करायची कल्पनाही त्याचीच. मी आधी हसलो होतो. बाहेरच्या लोकांच्या चाचण्या एसीच्या खोलीत होतात, तो म्हणायचा, त्या आकड्यांना घेऊन काय करायचं? "आपल्याकडं एसीत बसून कोन गेम खेळतंय रे? मे महिना, वर पत्रा, खाली माग, हवेत तूस आन लाईट गेली की इन्व्हर्टर. हितं जो टिकंल तो खरा." तूस म्हणजे सुताची ती बारीक लव, जी मागाजवळच्या प्रत्येक वस्तूवर बसते. कूलरच्या पंख्यातही ती जाऊन बसते.

मग ते दोन प्रोसेसर आले. एकाच कंपनीचे, म्हणून आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचो. थोरला ताकदीचा, महाग, जास्त कोअरवाला आणि तापट. धाकटा नव्या पिढीचा, कोअर कमी, किमतीनं बराच खाली. थोरला मी स्वतःसाठी घेतला होता. नुसता घेतला नव्हता — त्याचा डबा कपाळाला लावून एक अख्खा व्हिडिओ केला होता. डोळे झाकून हाच घ्या, असं छाती फुगवून सांगितलं होतं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी माझ्या शब्दावर तो घेतला. रस्त्यात भेटले की सांगायचे. मला केवढं बरं वाटायचं!

आणि अंबादासनं दोन्ही शेजारी ठेवून मोजलं. गेममध्ये धाकटा थोरल्याच्या बरोबरीनं, कुठे थोडा पुढेच. वीज जवळजवळ निम्मी. दुपारी पत्रा तापला की थोरला उष्णतेनं दमायचा, स्वतःचा वेग आपणच कमी करायचा. धाकटा मजेत चालायचा. इन्व्हर्टरवर तर विचारूच नका. किमतीतला फरक वाचवून चांगलं ग्राफिक्स कार्ड घेता येईल, हे तर कुणालाही कळण्यासारखं होतं. अंबादास टाळ्या पिटत होता. "बसूशेठ, तुमचा थोरला हत्ती हाय. खातोय लई, पळतोय कुटं?" खाली जाऊन त्यानं आपल्या अम्मालाही सांगितलं. त्या माउलीला प्रोसेसर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. आतून मात्र मला मिरच्या झोंबल्या होत्या.

एवढंच असतं तरी ठीक. पण त्याच सुमाराला टेंभुर्णीकडचे एक गृहस्थ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, अक्कलकोट रोडला गेम पार्लर काढणार होते. सगळ्या मशीन जोडायचं काम ते अंबादासला देणार होते, धाकट्यावर. एकच अट — आधी तुमच्या व्हिडिओत दाखवा, मग ठरवू. अंबादासनं त्यावर सगळा डाव मांडला होता. तेव्हा तो रात्रपाळीला दुसऱ्यांच्या कारखान्यात माग चालवायचा आणि दिवसा आमचं काम करायचा. आबांचं काम मिळालं की पाळी सोडायची, घराच्या पुढच्या बाजूला दुकान काढायचं. शटरला रंग कुठला द्यायचा हेसुद्धा त्यानं मला विचारलं होतं. मला त्या कामाची गरज होती का? नव्हती. त्यातलं काही माझ्या वाट्याला यायचंही नव्हतं आणि जायचंही नव्हतं. हे लक्षात ठेवा. गरजेपोटी केलं, असं म्हणायची वाट मला नाही.

व्हिडिओ चित्रित करायचा दिवस मे महिन्यातला. सकाळी थोरल्याची चाचणी कॅमेऱ्यावर झाली. मग अंबादासनं तो काढून धाकटा बसवला आणि अम्मानं हाक मारली म्हणून जेवायला खाली गेला. मला भूक नाही म्हणालो.

इथे एक साधी गोष्ट सांगावी लागेल. आमच्या त्या मशीनवर प्रोसेसर बदलला की मेमरी आपोआप मंद वेगावर जायची. बायोसमध्ये जाऊन तिला पुन्हा तिच्या खऱ्या वेगावर आणावं लागे. नाहीतर चांगला प्रोसेसरही गेममध्ये अडखळतो. ते काम माझं. दर वेळी मीच करायचो. त्या दुपारी — मी ते केलं नाही.

विसरलो, असं म्हणायची सोय आहे. विसरलो नव्हतो. ते पान माझ्यासमोर उघडं होतं. बोट कीबोर्डवर होतं. खालून मागांचा आवाज येत होता, पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि मी विचार करत होतो की हा व्हिडिओ बाहेर गेला तर लोक मला काय म्हणतील. डबा कपाळाला लावणारा तो मीच. मग मी काहीही न बदलता त्या पानातून बाहेर आलो.

अंबादास जेवून आला, चाचणी सुरू केली. धाकटा मागे पडला. थोडा नाही, चांगलाच. कॅमेरा चालू होता. त्याचा चेहरा मी आजही सांगू शकतो, पण सांगणार नाही. त्यानं पुन्हा केली. पुन्हा तेच. कूलर उघडला, पेस्ट पुसली, नवी लावली. ड्रायव्हर बघितले. तापमान दुपारच्या उन्हामुळे थोडं वर दिसत होतं, तो त्यातच अडकला. मग मान वर करून माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, "मेमरी बरोबर हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आहे."

त्यानं तपासलं नाही. का तपासेल? ते माझं काम होतं. मला वाटतं त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला हळू आवाजात बोलताना ऐकलं. म्हणाला, "पेस्टमदी तूस गेलं असंल. मागच्या येळंलाच माजं मोजण्यात कायतरी चुकलं असंल."

तूस! मी खोटं बोललो आणि त्यानं दोष दिला आपल्या घराला, आपल्या हवेला, आपल्या हातांना. तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. हसून 'अरे थांब, माझंच राहिलं' म्हटलं असतं तर त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. किती सोपं होतं! मी काय केलं? तूस हा शब्द उचलला. कॅमेऱ्यासमोर बसलो आणि हसत हसत म्हणालो की मागाच्या धुळीत केलेल्या चाचण्या अशाच असतात मित्रांनो, आमच्या अंबादासशेठच्या पेस्टमध्ये टॉवेल निघाला. थोरलाच राजा.

लोकांना ते वाक्य फार आवडलं. खाली कॉमेंटमध्ये त्याला टॉवेलवाला म्हणू लागले. कुणी विचारलं, याला पंखे पुसायला ठेवलंय का. मी एकही कॉमेंट काढली नाही. काहींना तर हसण्याची खूण देऊन उत्तर दिलं. आबांनी फोनवर अंबादासला सांगितलं की राहू दे, आपण बाजारातल्या दुकानातून थोरलाच घेतो. अंबादासनं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

ते काम गेलं याचं मला दुःख आहेच. पण कामं जातात, दुसरी येतात. मी त्याच्यापासून जे घेतलं ते वेगळंच होतं. आधी तो कुठल्याही मशीनला कान लावून पंख्याचा दोष सांगायचा. त्यानंतर मी त्याला काही मोजायला दिलं की तो दोन-तीनदा मोजायचा आणि तरीही म्हणायचा, "तूच बग बाबा, माजा भरवसा न्हाय." मग यायचाच थांबला. मी बोलावलं का? एकदोनदा, तो येणार नाही अशा बेतानं. खरं सांगायचं तर तो आला नाही की मला हायसं वाटायचं. आता तो एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो, मोटरसायकलवरून जातो-येतो. पत्र्याच्या खोलीत कापडाचे गठ्ठे ठेवतात, असं कुणीतरी सांगितलं.

आबांच्या पार्लरमधल्या मशीन पहिल्याच उन्हाळ्यात दुपारच्या बंद पडायला लागल्या. तिथल्या हवेतही तूस असतंच. दोनेक उन्हाळे काढून त्यांनी ते पार्लर बंद केलं. मला हे कळलं त्या दिवशी मी घरी मेमरी तिच्या खऱ्या वेगावर आणून दोन्ही प्रोसेसर पुन्हा मोजले. अंबादासचा प्रत्येक आकडा बरोबर होता. मी मशीन बंद केलं आणि जेवायला बसलो. त्यावर व्हिडिओ केला नाही.

आणि अजून एक आहे, ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आज माझं चॅनल चालतं ते कशावर? मी चाचण्या एसीत करत नाही यावर. भर मे महिन्यात, पत्र्याखाली, इन्व्हर्टरवर. त्यासाठी मी गच्चीवर मुद्दाम पत्र्याची खोली बांधून घेतलीय. लोक म्हणतात, आपल्या मातीतला माणूस आहे. हे कुणाचं आहे, असं मला कुणी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. बऱ्याच काळानं. मुलीला डिझाइनच्या कोर्ससाठी कॉम्प्युटर घ्यायचाय, थोडा गेमही खेळते म्हणाला. दुकानदारानं दोन प्रोसेसर सांगितलेत — एक भारी, एक साधा. कुठला घेऊ? "मला काय कळतंय त्यातलं. तू म्हनशील तो घेतो."

मी साधा घे म्हणालो. त्यानं विचारलं, का? आणि मी त्याला सांगू लागलो. पत्र्याखाली भारीवाला तापेल, दमेल. साधा वीज निम्मी खाईल, इन्व्हर्टरवर टिकेल. वाचलेल्या पैशात कार्ड चांगलं घे. कूलर महिन्यातून एकदा उघडून तूस काढ. तो मध्ये मध्ये हं हं करत ऐकत होता. मागे त्याच्या कारखान्याचा खडखडाट होता, तरी तो हळूच बोलत होता. त्याचंच सगळं मी त्याला शिकवत होतो, आणि तो ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "लई अभ्यास हाय बाबा तुजा."

मी म्हणालो, "हो."