मशीनच्या दावणीला

ये गं पोरी, अशी जवळ सरक. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखं वाच. परवा फोनवर हसत हसत काय विचारलंस मला? "आज्जी, तू तर कॅसिनोत जाऊन आलीस म्हणं! आम्ही हापिसातले सगळे गोव्याला चाललोय. तिथं पत्त्याच्या मशीनवर खेळलं की जेवण फुकट असतंय. कोणतं मशीन चांगलं गं?" असं आज्जीला विचारतात व्हय गं, गाढवे? साडी कोणती घ्यावी विचार, नवरा कोणता करावा विचार. पण विचारलंसच तर सांगते. मला त्या जागेची अजून शिसारी येते, ती काहून येते ते ऐक.

तेव्हा मी आपल्या गावच्या डेअरीत संचालक होते. बायांसाठी राखीव जागा दोन. एकीवर मी, दुसरीवर वरच्या आळीची माझी मैत्रीण, जिची निम्मी उमर कोल्हापूरकडं ऊस तोडण्यात गेलेली. चेअरमन म्हणजे आपल्या भावकीतला, नात्यानं माझा दीर. माणूस गोड बोलायचा. मीटिंगला आम्हा दोघींना खुर्ची द्यायचा आणि अंगठा-सही झाली की म्हणायचा, "चला वहिनी, तुमचं काम झालं."

त्या साली पोळ्याच्या आधीच पाऊस गेला, तो गेलाच. मका कमरेएवढा वाढला आणि थांबला. दाणा भरायची आशा न्हाई, पण पाला अजून हिरवा. असा मका हिरवा आहे तोवर कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात दाबून वरून हवा जाणार न्हाई असा बंद करायचा, म्हणजे त्याचा मुरघास होतो. लोणच्यागत मुरतो आणि उन्हाळ्यात गुरांच्या तोंडाला ओला चारा लागतो. हे मी रेडिओवर ऐकलं होतं. पण ऐकून खड्डा जमत नसतो. किती दाबायचं, ओल किती ठेवायची, कुजला कधी म्हणायचा आणि मुरला कधी, हे दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरल्याशिवाय कळत न्हाई. आणि मका काय आपल्यासाठी थांबतोय? ऊन असं की अजून थोडे दिवस गेले तर नुसती चिपाडं. गावातल्या सगळ्या दुभत्या जनावरांचा उन्हाळा त्या हिरव्या पाल्यावर होता.

म्हणून मीच मीटिंगमध्ये रेटून धरलं, की कोल्हापूरकडं एका गावची संस्था मुरघास करते, तो बघून येऊ. चेअरमन लगेच म्हणाला, "वहिनी, तुमी म्हणलं आन् आमी न्हाई म्हणलं असं कवा झालंय? अभ्यास दौराच काढू." मला बाई कोण आनंद झाला. वाटेत खायला मी धपाटे केले, सगळ्यांना पुरतील एवढे.

सगळं मंडळ एका गाडीत बसून निघालं. दुसऱ्या दिवशी त्या मुरघासाच्या गावचा फाटा आला आणि गाडी वळलीच न्हाई.

"भावजी, फाटा मागं राहिला की वो."

"येताना बघू वहिनी. आधी देवदर्शन."

"कोणत्या देवाचं?"

"गोव्यात काय देवांना तोटा हाय?" पुरुष सगळे खिदळले. तेव्हाच मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं.

तर असं आमचं डेअरीचं संचालक मंडळ दिवसाढवळ्या कॅसिनोत शिरलं. आत खिडकी न्हाई, भिंतीवर घड्याळ न्हाई. दूध गार करायच्या टाकीत उतरल्यासारखा गारठा. अत्तराचा, सिगारेटीचा आणि तळणाचा वास एकमेकांत कालवलेला. प्लास्टिकच्या कुंडीत आपल्यातल्याच एकानं गुटखा थुंकला, तो मला दिसला. पण खरी शिसारी आली ती पाणी बघून. लोक बाटली उघडायचे, दोन घोट घ्यायचे, तशीच ठेवायचे, आणि एक माणूस त्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या कचऱ्याच्या पिंपात टाकत फिरायचा. माझ्या डोळ्यांपुढं टँकरपाशी घागरीवरून झिंज्या उपटणाऱ्या आपल्या बाया आल्या. मी तोंडाला पदर लावला.

आता तुझं मशीन. त्याच्या काचेवर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते बदलून घ्यायचे, मग जोडी, तिक्कल, रंग जे जमेल त्याचे पैसे. काळा कोट घातलेली एक पोरगी होती, बेळगावकडची, मराठी बोलणारी. ती आमच्या चेअरमनला शहाण्यासारखं सांगत होती, "काका, मशीनं दिसायला सारखी असतात, पण वर तक्ता असतो तो वाचा. कशाला किती देतात ते प्रत्येकावर वेगळं असतं. हे गुलामाच्या जोडीपासून पुढं पैसे परत देतं. त्या पलीकडच्यात जोकर आहे, त्यात मजा जास्त, पण लहान जोडीला काही नाही."

पण चेअरमन तक्ता वाचेल तर ना! सिरसाळ्याच्या बाजारात म्हैस बघावी तसा तो रांगेतनं फिरला. एका मशीनच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्याला खालून वाकून बघितलं. "ही आटलीय," म्हणाला. "आत्ताच त्या जाड्यानं पिळून नेली." तिसऱ्यापाशी थांबला. "हिनं सकाळधरून खाल्लंय नुसतं, दिलं कायबी न्हाई. हिची कास भरलेली हाय. ही देणार."

संचालक माना डोलावत होते. एक म्हणाला, "चेअरमनचा हात लागला की मशीनबी पान्हवतंय."

पोरीनं त्याला एक कार्ड दिलं. ते मशीनमध्ये खुपसायचं, म्हणजे जितकं खेळाल तितके गुण जमा होतात आणि त्यावर खाणंपिणं फुकट. कार्ड हरवू नये म्हणून त्याला पिळाची दोरी, आणि दोरीचा चिमटा चेअरमनच्या खिशाला. झालं. बसला तो. पाच मिनिटांनी एक जण बशीत भजी घेऊन आला, मग थंड पेय, मग कबाब. हा एका हातानं बटण दाबतोय, दुसऱ्या हातानं तोंडात कोंबतोय, तेलकट बोटं त्याच बटणावर पुसतोय.

मी मैत्रिणीला म्हणलं, "बघ गं. खिशाला दावं, पुढं पेंड. आपण धार काढताना असंच करतो का न्हाई?"

तिनं नीट बघितलं आणि म्हणाली, "आन् लाथबी मारंना गं बया!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की चेअरमननं मान वळवली. तोंड भरलेलंच. "काय वहिनी, खेळता का? एक मशीन निवडून देतो, चांगलं दुभतं."

माझं हसू तिथंच गेलं. म्हणलं, "भावजी, तिकडं मका वाळतोय."

"मका काय पळून चाललाय?"

"व्हय, रोज थोडा थोडा चाललाय. उठा."

"आत्ताच तर रंगात आलीय ही! च्यार राण्या आल्या व्हत्या, एक चुकून बदलली बघा. संध्याकाळपर्यंत सगळं भरून निघतंय. तुमी जरा आईस्क्रीम खावा."

आईस्क्रीम! त्याच्या हनुवटीवरून कबाबाचं तेल ओघळत होतं. ह्याच माणसाला मी मीटिंगमध्ये साहेब म्हणायचे, ह्याच्यापुढं पदर सावरून बसायचे. मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण मला त्याची किळस आली, अन्नावर माशी बघून येते तशी.

आम्ही दोघी गाडीतल्या पिशव्या काढायला निघालो. चेअरमन पाठीमागं यायला निघाला तर खिशाची दोरी ताणली, परत खुर्चीवर बसला. तिथूनच ओरडला, "बायामाणसांनी एष्टीनं जायचं व्हय? गाव काय म्हणंल?"

मैत्रीण उलटून म्हणाली, "गावाला सांगा, चेअरमन अभ्यास करत्यात!"

रस्ता तिला पाठ होता. त्या फाट्याच्या गावात ती उसाच्या फडावर राहिलेली, खोपीला पाणी देणारी घरं तिच्या ओळखीची. त्यातल्याच एका घरानं आम्हाला ठेवून घेतलं. मी साडी गुडघ्यावर खोचून खड्ड्यात उतरले, कुट्टी तुडवली, मूठ आवळून ओल बघितली, मुरलेल्याचा आंबूस वास छातीत भरून घेतला. खड्ड्याच्या कडेला उभी असलेली त्या घरची बाई म्हणाली, "मावशी, अजून तुडवा. हवा राहिली की काळा पडतोय."

घरी आलो तेव्हा माळावरचा मका वाळून गेला होता. ओढ्याकडच्या पट्ट्या तेवढ्या हिरव्या. पंचायत बसवायला वेळ न्हाई. त्या पट्टीवाल्या घरच्या बाया गोळा केल्या, खड्डे घेतले, तुडवून तुडवून पाय सुजले. उन्हाळ्यात त्या घरांची जनावरं दावणीला राहिली. बाकीच्यांची छावणीला गेली, काहींची बाजारात. त्यांच्या बाया मला विचारायच्या, "चार दिवस आधी आला असता तर, जिजी?"

आणि आपला चेअरमन? तो अजून पारावर बसून सांगतो की त्या दिवशी ती राणी बदलली नसती तर. ऐकणारे हसतात. मला आजबी त्याच्या घरचा चहा गिळवत न्हाई.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तक्ता वाचून निवडलंस तर जरा हळू पिळतात, न वाचता बसलीस तर लवकर. एवढाच फरक. गोव्याचा समुद्र बघ, मासे खा, मला काही म्हणायचं न्हाई. पण त्याआधी दोन दिवस इकडं ये. मी आता म्हातारी झाले, लांबचं नीट दिसत न्हाई. परळीपर्यंत रेल्वे हाय, पुढं मी कुणालातरी गाडी घेऊन धाडते. ये गं लवकर.