उचललेला दगड

गडगेतात्यांनी एकदा उचललेला दगड पुन्हा खाली ठेवलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांत चिखल-सिमेंट न लावता, नुसता दगडावर दगड रचून कुंपण घालतात. त्याला गडगा म्हणतात. तात्यांनी जन्मभर तेच केलं. बाकीचे लोक दगड उचलत, फिरवून बघत, टाकून दुसरा घेत. तात्या ढिगात हात घालत आणि जो हाती लागेल तो घेऊन चालू पडत. गडग्यापाशी क्षणभर थांबत, की बसलाच दगड. दोरी नाही, ओळंबा नाही. विचारलं तर म्हणत, "हाताला ठावं हाय. डोक्याला इचारलं की हात लाजतो."

बाजारातही हाच कायदा. एकदा महाडला त्यांनी हाताला लागलेली पहिली छत्री घेतली. ती उघडली, पण काही केल्या मिटेना. तात्या उघड्या छत्रीसकट मिनीडोरमध्ये बसले आणि त्यांनी पोलादपूरपर्यंत सगळ्या गाडीच्या शिव्या खाल्ल्या. मी म्हटलं, "तात्या, दुकानात एकदा मिटून तरी बघायची." तर म्हणाले, "उघडते ना? पावसात तेवढंच काम तिचं." दोन पावसाळे ती छत्री त्यांच्या पडवीत उघडीच टांगलेली होती आणि खाली कोंबड्या बसायच्या.

मी नेमका उलटा. महाडच्या एका कारखान्यात भांडार सांभाळायचो, आणि तपासून घ्यायची सवय घरापर्यंत आली होती. साधं पेन घ्यायला मी तीन दुकानं हिंडायचो. आई म्हणायची, "याला ताट वाढून दिलं तरी कुठून सुरुवात करू म्हणून विचारील."

त्या वर्षी भातं निघाल्यावर तात्या आमच्या परसाचा गडगा घालायला आले. त्याच सुमारास मी तुडीलला मुलगी बघून आलो होतो, सुनंदा. तिच्या वडिलांचा निरोप होता, रविवार संध्याकाळपर्यंत कळवा, कशेडी घाटापलीकडून खेडचं एक स्थळ आलं आहे. मी वहीत मधोमध रेघ मारून दोन बाजू केल्या होत्या. एकीकडे तिचं शिक्षण, बोलणं, घरची माणसं. दुसरीकडे, नदीकाठी वाढलेली मुलगी आमची चढण कशी चढेल, आईशी पटेल का, वगैरे वगैरे. आठवडाभर दोन्ही बाजू वाढतच होत्या. रविवार उजाडला तरी माझा निकाल लागला नव्हता.

डोकं शांत व्हावं म्हणून तात्यांना दगड द्यायला गेलो. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला.

"दगड पसंत करायला आलायस काय रे बाबू?" तात्या म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, "काय झालंय?"

मी सगळं सांगितलं, वहीसकट.

"बगून परत येताना गाडीत काय आठवत होतं तुला?"

आठवत होतं ते एवढंच. चहाचा ट्रे गळत होता म्हणून तिची काकू कुजबुजत रागावली, तिने सरळ आपल्या पदराने ट्रे पुसला आणि माझ्याकडे बघून हसली. वहीत यातलं काहीच नव्हतं. तात्यांना सांगताना मला माझीच लाज वाटली.

"मंग वहीला काय इचारतोस? लगीन वही करणार हाय काय? जा, फोन कर."

मी हातातला दगड ठेवायला वाकलो. "खाली ठेवू नको त्याला. घेऊन जा."

रेंज फक्त देवळामागच्या उंचवट्यावर यायची. पाच-सहा किलोचा दगड पोटाशी धरून मी चढण चढलो आणि तो एका हाताने सावरत फोन लावला. तिच्या वडिलांना म्हटलं, "आमचा होकार आहे." मुलाने स्वतःच असा फोन करायची आमच्याकडे रीत नाही. ते गोंधळून म्हणाले, "घरात मोठं कुणी नाही का?" मी म्हटलं, "आहे, पण तिथे रेंज नाही." मग ते म्हणाले, "बरं झालं. मी चप्पल घालून बसलो होतो, खेडला निघायला."

दगड घेऊन मी खाली आलो. तात्यांनी काही न विचारता दगड घेतला, कोपऱ्यावर बसवला आणि फटीत दगडाची एक चीप ठोकली.

सुनंदाला ते पहिल्या दिवसापासून सूनबाय म्हणत. पुढे अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा तो हात गोधडीवर नुसता पडून होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तात्या, तुम्ही उचललेला दगड कधीच खाली ठेवला नाहीत."

"एकदा ठेवला," ते म्हणाले. "कशेडीपलीकडली व्हती. मला लय आवडलेली. पन म्हटलं, भात झोडून झालं की कळवू. भात झोडलं, तवर तिची वरात गेली."

आणि हसले. तात्या लग्न न करता एकटे राहिले तो त्यांचा स्वभाव, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यांच्यासमोरच मला रडू आलं. सुनंदाने त्यांचा तो हात उचलून आपल्या हातात घेतला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही. त्याच महिन्यात तात्या गेले.

गेल्या पावसात गडग्याचा कोपरा ढासळला. आता असा गडगा घालणारं कुणी उरलेलं नाही. सिमेंटचं कुंपण घालावं की जांभ्याचं, की तारच ओढावी, म्हणून मी पडवीत वही उघडून बसलो, मधोमध रेघ मारली. तेवढ्यात सुनंदाचा आवाज आला. ती ढिगाऱ्याशी उभी होती, पदर खोचलेला, पोटाशी एक दगड धरलेला.

"अहो, ती वही ठेवा आणि इकडे या," ती म्हणाली. "याची जागा कुठली ते बघा लवकर, माझे हात भरून आले."

मी वही खाली ठेवली.