दोन काळ्या पट्ट्या

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आम्ही बौद्ध माणसं. घरात अंगारा नाही, नवस नाही. शेजारीण लिंबू उतरवायला लागली की मी दार लावून घेते. तरी हे लिहितेय, कारण दोन आठवडे झाले, मला एका जागी बसवत नाही...

मी चौथी शिकले. रायपूरला तात्यापाऱ्यातल्या एका छापखान्यात वीस वर्षं काम केलं. आनंदचे बाबा, म्हणजे माझा नवरा, तिथे खिळे जुळवायचे — शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ तयार करायची. छपाई झाली की ती अक्षरं परत आपापल्या खणात टाकायचं काम माझं. इंग्रजी मला तेव्हाही वाचता येत नव्हतं, आताही येत नाही. पण तिथलं जुनं इंग्रजी अक्षर मी बोटांनी ओळखायची. त्याला आम्ही ‘पायवालं’ म्हणायचो. उभी रेघ जाड, आडवी बारीक, आणि टोकाटोकाला छोटासा पाय. पुढे बिनपायाची अक्षरं आली, ती आनंदच्या बाबांना आवडली नाहीत. "हे उभं राह्यल्यासारखं वाटत नाही," म्हणायचे. लग्नपत्रिका ते पायवाल्यातच जुळवत.

तिथे एक रीत होती. जुळवताना एखादं अक्षर संपलं, की त्या जागी दुसरं कुठलंही अक्षर उलटं बसवायचं. मग कागदावर त्याच्या बुडाचा ठसा उमटतो — दोन काळ्या आडव्या पट्ट्या, मधे फट. म्हणजे इथलं काहीतरी बाकी आहे, जागा राखली आहे. पत्रिकेतलं एखादं नावच कळलं नसेल तरी आनंदचे बाबा तिथे तेच करायचे.

छापखाना बंद झाला. शिसं वितळवायला गेलं. आनंदचे बाबा जाऊन आठ वर्षं झाली.

आता आनंदच्या मुलीचं, श्रुतीचं, लग्न ठरलं. पत्रिका इंग्रजीत हवी म्हणाली. समता कॉलोनीत बबलू भैयाच्या दुकानात तिनं कंप्यूटरवर अक्षर निवडलं, आणि मी लांबूनच ओळखलं. पायवालं. पत्रिकेच्या खाली घरच्यांची नावं होती. थोरला आनंद, मग धाकटा सुधीर.

दोघांच्या मधली माझी मुलगी रत्ना. तिनं आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. तिचं नाव मी घालू दिलं नाही.

नमुन्याची पत्रिका निघाली. आनंद आणि सुधीरच्या मधे दोन काळ्या पट्ट्या. मधे फट.

"टोनर का दाग है, आजी," श्रुती म्हणाली.

बबलू भैयानं मशीन पुसलं, परत काढली. परत तेच. स्क्रीनवर काही नाही, कागदावर आहे. नावं पुसून नव्यानं टाइप केली. शेजारच्या दुकानातल्या मशीनवर काढून आणली. तिथेही तेच.

"अम्मा, ऐसा तो मैंने कभी देखा नहीं. फॉन्ट बदल दूँ?"

बिनपायाच्या अक्षरात काढली. साफ आली.

"हेच छाप," मी म्हटलं.

"आजी, मुझे वही वाला चाहिए था. आबा वाला." आबा म्हणजे तिचे आजोबा.

"तुले नवरा पायजे का अक्षर?"

बबलूनं छपाई उद्यावर टाकली.

घरी आले. भात लावला, तो करपला. अंगणात गेले, आत आले, परत गेले. कारण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. आनंदचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा तीन दिवस एकच विचारायचे, "रत्नीले कळवलं का?" मी म्हणायची, "कळवलं. येऊन राहिली." मी कळवलं नव्हतं. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी कळवलं. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि मी तिला उंबऱ्यावरूनच परत लावून दिलं. घरात सगळ्यांना सांगितलं, बोलावलं होतं, वेळेवर आली नाही.

सकाळी मी रत्नाला फोन लावला.

"मी बोलतेय. तुझे बाबा तुले विचारत होते. मी कळवलं नाही. त्यायले खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "किती दिवस विचारत होते?"

"तीन."

"अन् तू आता सांगून राहिली?"

तिनं फोन ठेवला.

मी दुकानात गेले. बबलूला म्हटलं, मधे रत्नाचं नाव टाक, आणि पायवालं अक्षर लाव. पत्रिका साफ आली. वाटलं, नाव आलं म्हणून डाग झाकला गेला असेल. माझा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर. म्हणून म्हटलं, आता नाव काढ आणि तस्संच परत काढून दाखव.

त्यानं काढलं. पायवालं अक्षर, आनंद, मग सुधीर. मधे काही नाही. कोरी जागा.

"अम्मा, ये ठीक कैसे हो गया?"

"नाव टाक परत अन् छाप," मी म्हटलं.

पट्ट्या आल्या तेव्हा रत्नाचं नाव त्या दुकानवाल्यांना माहीत नव्हतं. उलट्या अक्षराची रीत बबलूनं ऐकलेलीही नव्हती. पट्ट्यांची ती पहिली पत्रिका माझ्या पेटीत आहे. छपाईतलं कळणाऱ्यानं येऊन पाहावी आणि मला सांगावं.

लग्न रविवारी आहे. रत्नाला पत्रिका पोचली, पोस्टमननं तिची सही आणून दाखवली. तिचा फोन नाही. मी मोबाईल हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.